सुती खरवस

आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही. ती बसवावी की बसवू नये यावर पहिली मीटिंग झाली तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. मग ती कॉलेजात गेली, नोकरीला लागली, लग्न होऊन हडपसरला गेली, तिला दिवस गेले, तरी तळमजल्यावरच्या मंडळींचं म्हणणं तेच: जिने चढल्याने गुडघे चांगले राहतात. त्यांचे राहतात, कारण ते चढत नाहीत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टरीणबाईंनी मुलीला जिने बंद सांगितले आणि पहिलं बाळंतपण माहेरी ही आमच्या घरची रीत कर्वेनगरच्या त्या जिन्यात अडकून बसली.

“आई, प्लीज, प्रॅक्टिकल हो,” मुलगी फोनवर म्हणाली. “इथे हॉस्पिटल जवळ आहे, सासूबाई आहेत, सगळं ग्राउंड फ्लोअरला आहे. तू येत जा ना अधूनमधून.”

अधूनमधून! गॅसवाला येतो अधूनमधून. मी डिंक आणून ठेवला होता, अळीव आणले होते, बाळाला न्हाऊ घालताना बसायचा पाट गच्चीवरून खाली आणून घासून ठेवला होता. मी सहसा रडत नाही, मला आधी राग येतो. तो सगळा आमच्या ह्यांच्यावर काढून झाला की मग स्वयंपाकघरात नळ सोडून रडते. त्या दिवशी पाणी बरंच वाया गेलं.

आणि अधूनमधून जायचं म्हणजे तरी कसं? आम्ही सख्ख्या भावाकडेसुद्धा आधी फोन करून जातो. फोन दुपारी एक ते चार करत नाही. फोनवर आधी कारण सांगतो, मग वेळ विचारतो, आणि ‘जेवायला थांबणार नाही’ हे न विचारता जाहीर करतो. नातवंडाला बघायला जायला कारण लागत नाही हे मला कळतं, पण ते फोनवर बोलायचं झालं की जीभ वळत नाही.

आमच्या विहीणबाईंकडे सगळा उलटा कारभार. त्यांचं घर मूळचं हडपसरचं, शेतीवालं. शेतात आता टॉवर उभे राहिलेत, पण पुढच्या बाजूला त्यांचा बंगला आहे आणि बंगल्यामागे गोठा. गोठ्यात एकच म्हैस उरलीय. टॉवरमधल्या लोकांनी वासाची तक्रार केली तेव्हा विहीणबाई म्हणाल्या होत्या, “म्हस आधीपास्नं हाय, तुमी मागनं आलात.” त्यांच्या फाटकाला कडी आहे, पण ती लावलेली मी कधी पाहिली नाही. कुणीही केव्हाही येतं, जेवतं, झोपतं, उठून जातं. लग्न ठरवायला आम्ही गेलो तेव्हा तिथे जेवत असलेला एक गृहस्थ मुलाचा मामा असावा म्हणून मी त्याच्याशी पाऊण तास अदबीने बोलले. तो मीटर वाचायला आला होता.

तर अशा घरात माझं नातवंड जन्माला येणार आणि त्याच्या अंगावर माझं काहीतरी असायला हवं, असं मी मनाशी ठरवलं. दागिने विहीणबाई करणार होत्याच, त्यात आमचा निभाव लागणार नव्हता. पण आमच्यात एक जुनी पद्धत आहे. तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत, टोचतं म्हणून. आजोबांच्या वापरून मऊ झालेल्या धोतराचं दुपटं करतात. आमच्या ह्यांच्याकडे गणपतीला नेसायचं एक मलमलचं धोतर होतं, इतकं जुनं की त्यातून पेपर वाचता आला असता. मी मुलीला विचारलं.

“चालेल,” ती म्हणाली, “पण प्लेन व्हाइट नको हं, बोअरिंग दिसतं. आणि केमिकल डाय अजिबात नको. नॅचरल असेल तरच.”

म्हणून मी या वयात नारायण पेठेत झाडापाल्याच्या रंगांच्या वर्गाला जायला लागले. वर्ग एका बाईंच्या घरीच होता. दारावर पाटी होती: ‘बेल एकदाच वाजवावी. आम्हाला ऐकू येते.’ बाई माझ्याहून वयाने मोठ्या, हात कोपरापर्यंत कुठल्या ना कुठल्या रंगाचे. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, “मॅम, आज कलर कुठला करायचाय?”

“आज कुठलाच नाही,” बाई म्हणाल्या. “उद्याही नाही. आधी कापड तयार करायचं. तयारी नसलेल्या कापडावर रंग म्हणजे पाहुणा. येतो, बसतो, पहिल्या धुण्याला निघून जातो. घरचा करायचा असेल तर मेहनत आधी करावी लागते. ज्यांना घाई असेल त्यांच्यासाठी लक्ष्मी रोडवर रंगीत कापड तयार मिळतं.”

पाहुण्याचं ते वाक्य मला फार लागलं. बाईंना त्याचा पत्ता नव्हता. मी मात्र वहीच्या पहिल्या पानावर ते लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

कापड तयार करायचं म्हणजे त्यातली खळ, तेल, मेण जे काही असेल ते सगळं काढायचं. झालं की पाण्याचा थेंब टाकून बघायचा. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर कापड अजून कोरडं ठणठणीत, आत घेत नाही. टाकताक्षणी जिरला तर तयार. हे ऐकून मी घरी आले, यांचं धोतर काढलं, त्यावर थेंब टाकला. थेंब बसला. मी चहा केला, प्यायले, परत येऊन पाहिलं. थेंब होता तिथेच, जरा जास्तच ऐटीत.

याचं कारण आमचे हे. खळ घातल्याशिवाय यांना कापड कापडच वाटत नाही. सरकारी नोकरीत असताना यांचे शर्ट हँगरशिवाय उभे राहायचे. धोतराला तर दरवर्षी गणपतीआधी स्वतः पातेलं घेऊन तांदळाची खळ शिजवतात, आणि त्यात मला ढवळू देत नाहीत.

धोतर रात्रभर भिजवलं, सकाळी रिठ्याच्या पाण्यात जरासा धुण्याचा सोडा घालून उकळायला ठेवलं. तासाभराने पाण्याला असा रंग आला की बघवेना. गडद तपकिरी, वर तवंग. हे चष्मा पुसत आले आणि पातेल्यात डोकावले.

“हे सगळं माझं?”

“धोतराचं.”

“नेसत मीच होतो ना! दरवर्षी आंघोळ करून, सोवळ्यात नेसलोय. हा तवंग कसला?”

“तळणीच्या मोदकांचा.”

त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. मग म्हणाले, “दुसऱ्या पाण्याला बोलव. सुधारणा आहे का बघतो.” दुसऱ्या पाण्याला सुधारणा होती. तिसऱ्या पाण्याला थेंब टाकल्याबरोबर जिरला. यांना तो स्वतःचाच निकाल वाटला असावा, कारण त्यांनी खाली जाऊन चेअरमनना सांगितलं.

एवढ्यात हडपसरला माझी नात जन्मली. मुलगी सुखरूप होती. मी हॉस्पिटलात जाऊन बाळ मांडीवर घेतलं. पाचच मिनिटं, मग विहीणबाईंच्या जावा, नणंदा, शेजारणी रांगेत उभ्या होत्या. परत येताना बसमध्ये माझी मांडी उगाच रिकामी रिकामी वाटत होती. बारशाला ते दुपटं झालंच पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. ते झालं नाही तर मी त्या घरातली आणखी एक रांगेतली बाई.

पुढची पायरी होती हिरड्याची आणि दुधाची. बाई म्हणाल्या, सुती कापड नुसतं स्वच्छ करून भागत नाही, त्याला रंग धरून ठेवायची ताकद द्यावी लागते. हिरड्याची पूड पाण्यात कालवायची, त्यात म्हशीचं कच्चं दूध घालायचं, कापड बुडवायचं, पिळायचं, उन्हात वाळवायचं. “कच्चं,” त्या दोनदा म्हणाल्या. “पिशवीतलं नाही. पिशवीतल्या दुधावर माझा विश्वास नाही आणि कापडाचाही नसतो.”

कर्वेनगरात कच्चं म्हशीचं दूध कुठून आणणार? मी धीर करून विहीणबाईंना फोन लावला. चार वाजून गेले होते. आधी बाळाची, मुलीची, मग म्हशीची चौकशी केली.

“म्हस येलीय कालच,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “रेडी झाली. घरात दोन दोन लक्ष्म्या आल्या बगा.”

“वा, वा. विहीणबाई, एक विचारायचं होतं. थोडं दूध मिळेल का हो तुमच्याकडचं? मला कापडाला लावायचंय.”

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

“कापडाला?”

“हो. दुपट्याच्या. रंग नीट बसावा म्हणून.”

“बरं, बरं,” त्या एकदम समजूतदार आवाजात म्हणाल्या. “कापडाला व्हय. देते की. उद्याच धाडते.”

त्या फोन ठेवून काय म्हणाल्या ते मला मुलीने नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुजी आई लय भिडस्त बाई. पुण्यातली मान्सं कदी सरळ मागायची न्हाईत. म्हस येलीय म्हणल्यावर खरवस खावासा वाटला आसंल, तर कापडाचं निमित्त काडलंय.” मुलीने समजावायचा प्रयत्न केला, पण बाळ रडायला लागलं आणि ते तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी जावई ऑफिसला जायच्या आधी, सगळं पुणं ओलांडून, स्टीलची झाकणाची किटली घेऊन तीन जिने चढून आले. सोबत एक गुळाची ढेप आणि पुडीत वेलदोडे. मला वाटलं, खेड्यातली रीत असेल, नुसतं भांडं पाठवत नसतील. किटली उघडली. दूध दाट होतं, पिवळसर होतं, किटलीला चिकटत होतं. माझं मन भरून आलं. म्हटलं, बघा, याला म्हणतात म्हशीचं दूध! आयुष्यभर पिशवी कापून आपण काय प्यालो?

आता नुकत्या व्यायलेल्या म्हशीचा चीक कसा दिसतो हे मला माहीत असायला हवं होतं, असं जे म्हणतील त्यांनी आधी सांगावं, त्यांनी शेवटचा चीक कधी पाहिला. आम्ही खरवस खातो तो डेअरीतला, चौकोनी वड्यांचा, वर केशर लावलेला. तो चौकोनीच जन्मतो अशी माझी समजूत होती.

मी मोठ्या पातेल्यात हिरड्याचं पाणी केलं, त्यात ते दाट दूध ओतलं आणि धोतर बुडवलं. बाहेर ढगाळ होतं, पाणी गार होतं. गार पाण्यात हिरडा नीट उतरणार नाही असं वाटून मी पातेलं मंद गॅसवर ठेवलं, फक्त कोमट करायला. तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. बाळ जांभई देत होतं. अशी जांभई मी तरी कुणाची पाहिली नव्हती. आधी एक डोळा मिटला, मग दुसरा, मग तोंड. ती परत देते का हे बघायला मी थांबले. दिली. मग शिंक दिली. मग काहीच दिलं नाही, तेही पाहिलं.

स्वयंपाकघरातून यांचा आवाज आला. “अगं, आज काही सण आहे का?”

मी धावत गेले. पातेल्यातलं सगळं एकजीव घट्ट झालं होतं. मधून धोतराचं एक टोक वर आलं होतं, जणू मदत मागत होतं. हे पातेल्यावर वाकून नाकाने लांब श्वास घेत होते.

“खरवस!” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. त्यांनी चमचा घेतला आणि मी थांबवायच्या आत एक घास घेतला. चावला. थांबले. पुन्हा चावला.

“कसा आहे?” मी विचारलं. काय करणार, सवयीने विचारलं.

“गोड नाही. तुरट आहे.” त्यांनी तोंडातून काहीतरी ओढून काढलं आणि उजेडात धरलं. “आणि धागे लागतात.”

मी मटकन खालीच बसले. माझ्या नातीचं एकुलतं एक दुपटं खरवसात शिजलं होतं. दुसरं जुनं धोतर नव्हतं. यांच्याकडे आणखी दोन आहेत, पण ती नवी, पुठ्ठ्यासारखी. ती मऊ व्हायला आणखी एक जन्म लागला असता. मी रडायला लागले आणि या वेळी नळ सोडायचंही लक्षात राहिलं नाही. हे माझ्याशेजारी फरशीवर बसले, गुडघे वाजले त्यांचे, आणि बिचारे म्हणाले, “रडू नकोस. वेलदोडा घातला असता तर बरा लागला असता.”

नेमका विहीणबाईंचा फोन आला. माझ्याने बोलवेना म्हणून यांनी उचलला.

“झाला का खरवस?”

“झाला,” हे म्हणाले. “जरा सुती झालाय.”

मग आम्ही दोघांनी मिळून धोतर सोलायला घेतलं. खरवस धोतरातून काढणं सोपं नाही. मोठे तुकडे निघतात, बारीक जे विणीत जाऊन बसतं ते बसतं. काढलेलं मी गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं, तर अर्ध्या कर्वेनगरातले कावळे आले. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर लगेच निरोप पडला: ‘सी विंगमध्ये कुणाकडे पक्ष पंधरवड्याच्या आधीच पितर जेवू घालत असल्यास कृपया वेळेचे भान ठेवावे.’ यांनी खाली उत्तर टाकलं: ‘पितरांना लिफ्ट नसल्याने उडत यावे लागते.’ मीटिंगमध्ये तो विषय पुढे बराच काळ निघत होता.

धोतर पिशवीत घालून मी नारायण पेठ गाठली. बेल एकदाच वाजवली. बाईंनी धोतर दिव्यापाशी नेलं, नखाने एक पांढरी गुठळी उकरली.

“हे काय आहे?”

“खरवस.”

“तो खातात,” बाई म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. बारसं तोंडावर आलंय, दुसरं कापड नाही, हे असं असं झालं. बाई ऐकत होत्या, मग त्यांनी धोतरावर एक थेंब टाकला. कुठे तो जिरला, कुठे नुसताच पसरला. “आता हे तुरटीच्या पाण्यातून काढा, मग मंजिष्ठेत घाला,” त्या म्हणाल्या. “रंग बसेल. कुठे बसेल ते मात्र त्याच्या मनावर.” मी निघाले तर दारात थांबवून म्हणाल्या, “थोडा उरलाय का?” नव्हता. कावळ्यांनी खाल्ला होता.

मंजिष्ठा म्हणजे एका वेलीचं मूळ, उकळलं की लाल रंग सुटतो. तुरटी झाल्यावर धोतर त्यात हळूहळू तापवलं आणि बाहेर काढलं तेव्हा मी डोळे मिटूनच काढलं. उघडले तर समोर एक विचित्रच प्रकार होता. जिथे खरवस विणीत बसला होता तिथे रंग गच्च भरला होता, डाळिंबासारखा. बाकी सगळीकडे फिकट गुलाबी. मोठाले डाग, छोटे डाग, ठिपके. हे चष्मा लावून निरखत राहिले.

“नकाशा आहे हा,” ते म्हणाले. “हे बघ, हा मोठा लाल म्हणजे हडपसर. हा इथे कोपऱ्यात आपण. मधला हा सगळा फिकट भाग म्हणजे ट्रॅफिक.”

मी ते आठवडाभर गॅलरीत वाऱ्यावर ठेवलं, तरी त्याचा दुधाचा वास काही गेला नाही. शिवून, चारी बाजूंनी काठ मारून, मी ते बारशाला नेलं, पण पिशवीतून बाहेर काढायचा धीर होईना. पाळणा फुलांनी मढवला होता, बाळाच्या कुंचीला खरी जर होती, वाळे चांदीचे होते. मुलीनेच माझी पिशवी ओढून दुपटं काढलं आणि बाळाला त्यात गुंडाळलं. बायका बघायला लागल्या. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “आगं बया, गोवर उटल्यावानी दिसतंय!” सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला पृथ्वीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

बाळ मघापासून रडतच होतं. आत्याबाईंनी, म्हणजे जावयांच्या बहिणीने, त्याला मांडीवर घेतलं. त्यांची साडी मोतिया रंगाची, रेशमी, नवी कोरी. त्या कानात नाव सांगायला वाकल्या तरी रडं थांबेना, नाव कुणालाच ऐकू गेलं नाही. तेवढ्यात बाळाच्या नाकाशी दुपट्याचं टोक आलं. बाळ थबकलं. वास घेतला. मग तोंड उघडून ते टोक चोखायला लागलं आणि एकदम गप्प झालं. तेव्हा कुठे नाव पुन्हा सांगितलं गेलं. ते काय ते इथे सांगत नाही, आमच्या ह्यांना ते अजून पसंत पडलेलं नाही.

पुढच्याच मिनिटाला आत्याबाई ओरडल्या. बाळाने आपलं काम केलं होतं. दुपटं चिंब, त्याखालची मोतिया साडी चिंब. सगळ्यांचे डोळे त्या साडीवर. आत्याबाईंनी दुपटं हळूच उचललं. साडी ओली होती, पण मोतियाच होती. लाल रंगाचा टिपूस नाही. विहीणबाईंनी खाली वाकून साडीचा तो भाग बोटाने चोळून पाहिला, बोट बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “पक्का हाय!”

मला काय झालं कोण जाणे. मी त्या उत्साहात उभी राहून दुपटं धुण्यावर भाषणच दिलं. मशीनमध्ये घालायचं नाही, साबण लावायचा नाही, रिठ्याचं पाणी हवं, ते कोमट हवं, हात हलका हवा, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं, आणि शक्यतो माहितगार माणसानेच धुवावं. खरं तर इतकं काही लागत नाही. विहीणबाई मात्र माझ्याकडे टक लावून ऐकत होत्या.

बारसं झालं आणि मी पुन्हा कर्वेनगरात येऊन बसले. नात वाढत होती ती फोनवर. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत मी फोन हातात घ्यायचे. कारण सुचायचं नाही म्हणून ठेवायचे. असेच बरेच दिवस गेले. मग एका मंगळवारी विहीणबाईंचाच फोन आला, नेमका दुपारी दोनला.

“ताई, दुपटं खराब झालंय. आमास्नी काय तुमच्या रिट्याबिट्यातलं कळत न्हाई. रंग गेला तर सूनबाई बोलंल. तुमी येऊन धुऊन द्या बगू.”

मी बुधवारी गेले. रिठे घरूनच नेले. दुपटं धुतलं, मग ते वाळेपर्यंत थांबावं लागलं, मग बाळ उठलं, मग जेवण झालं. पुढच्या मंगळवारी पुन्हा फोन. असं करता करता बुधवार माझाच झाला. पोरगी मला ओळखायला लागली, रांगत माझ्यापर्यंत यायला लागली. हे विचारायचे, “एवढं कसं खराब होतं ते दर आठवड्याला?” मी म्हणायचे, लहान मूल आहे.

एका बुधवारी शेजारचे गाडीने हडपसरला निघाले होते, त्यांनी मला सोबत नेलं. त्यामुळे मी नेहमीच्या वेळेच्या बरंच आधी पोचले. फाटक उघडंच होतं. मी गोठ्याच्या बाजूने आत शिरले आणि थांबले. अंगणात दोरीवर दुपटं वाळत होतं. स्वच्छ धुतलेलं, सावलीत, न पिळता. नुसतं बघून कळत होतं, धुणाऱ्याला सगळं येतं.

विहीणबाई कडेवर नातीला घेऊन बाहेर आल्या. दुसऱ्या हातात नाचणीच्या सत्त्वाची वाटी होती. त्यांनी दुपटं ओढून घेतलं, नाकाला लावलं, नातीच्याही नाकाला लावलं. मग फाटकाकडे एकदा बघून एक चमचा सत्त्व घेतलं आणि दुपट्याच्या कोपऱ्याला फासलं. लांब धरून पाहिलं. समाधान झालं नसावं, आणखी एक चमचा फासला. नातीला हा खेळ फार आवडला. तिने सगळा पंजा वाटीत बुडवला आणि दुपट्याच्या मधोमध थापला.

“शाब्बास,” विहीणबाई म्हणाल्या. “आता झालं तुज्या आज्जीला काम.” आणि दुपटं बादलीत टाकलं.

मी पाऊल न वाजवता मागे सरले. म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघत होती. तिच्याशेजारी मी जरा वेळ उभी राहिले, नाक पुसलं, मग फाटकापाशी जाऊन कडी मोठ्याने वाजवली.

“बरं झालं आलात ताई,” विहीणबाई पुढे आल्या. “बगा की, पोरीनं काय करून ठिवलंय. आमास्नी तर हात लावायचं भ्या वाटतं.”

“अरेरे,” मी म्हटलं. “हा डाग असा तसा जायचा नाही.”

“न्हाईच जायचा,” त्या म्हणाल्या. “जेवूनच जावा मंग.”

मी पदर खोचून बादलीपाशी बसले. डाग पहिल्याच पाण्याला निघाला. मी तो संध्याकाळपर्यंत घासत होते.